फाटक उघडे ठेवायचे तर

अमेरिकेतल्या विद्यापीठाचा अध्यक्ष म्हणजे आपल्याकडच्या कुलगुरूंच्या जागेवरचा माणूस. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतो तेवढा अधिकार त्याच्याकडे नसतो. कायम नेमणुकीच्या प्राध्यापकाला तो मनात आले म्हणून काढू शकत नाही. अभ्यासक्रम प्राध्यापक ठरवतात. तिजोरीवर विश्वस्त मंडळाचा हात असतो आणि तिच्यातला बराच पैसा देणगीदारांच्या अटींत अडकलेला असतो. माजी विद्यार्थी पत्रे पाठवतात, लोकप्रतिनिधी अनुदानाकडे बोट दाखवतात, आणि विद्यार्थ्यांना चार वर्षांत निघून जायचे असल्यामुळे घाई असते. एरवी हा गाडा चालतो. देशात दोन तट पडले की मात्र या सगळ्यांना अध्यक्षाकडून एकच गोष्ट हवी असते: आमच्या बाजूने बोला. कुलगुरूंच्या दालनाबाहेरचा ठिय्या, आतले शिष्टमंडळ आणि खिडकीखालच्या घोषणा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हा प्रसंग समजावून सांगायला नको.

अशा वेळी खुर्चीतल्या माणसाने वागायचे कसे, याचे एक उत्तर ‘सेवक-नेतृत्व’ या नावाने पन्नासहून अधिक वर्षे दिले जाते. व्यवस्थापनाच्या शिबिरांतून ते आपल्यापर्यंत पोचते तेव्हा बरेच गुळमुळीत झालेले असते: नम्र असा, सगळ्यांचे ऐका, हसून बोला. मूळ कल्पना याहून कडक आहे, आणि तिचा उगम मठात किंवा आश्रमात नसून टेलिफोन कंपनीत आहे.

रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी ‘एटी अँड टी’ या अवाढव्य कंपनीत ३८ वर्षे काढली. १९६४ मध्ये ते निवृत्त झाले आणि विद्यापीठांना, संस्थांना सल्ला देऊ लागले. तो काळ अमेरिकी विद्यापीठे पेटण्याचा होता. व्हिएतनामचे युद्ध, लष्करातली सक्तीची भरती, कृष्णवर्णीयांच्या हक्कांचा लढा, सगळे एकाच वेळी आवारात येऊन धडकले होते. चांगल्या-चांगल्या संस्था आपल्याच मुलांसमोर कोलमडताना ग्रीनलीफ जवळून पाहत होते. १९७० मध्ये त्यांनी एक पुस्तिका काढली. हरमान हेसे यांच्या पूर्वेच्या प्रवासावरच्या छोट्या कादंबरीतला लिओ त्यांच्या मनात होता. हा लिओ प्रवाशांच्या मेळ्यातला नोकर, सामान उचलणारा. तो नाहीसा होतो आणि मेळा विस्कटतो. पुढे कळते की मेळा ज्या पंथाने पाठवला होता त्याचा प्रमुख तोच होता.

ग्रीनलीफ यांनी यातून एक कसोटी काढली. ज्यांची सेवा केली ती माणसे वाढली का? ती अधिक शहाणी, अधिक स्वतंत्र, स्वतःच्या पायांवर उभी राहणारी झाली का? आणि समाजात जे सगळ्यांत खाली आहेत त्यांना काही लाभ झाला का, निदान त्यांचे होते ते तरी गेले नाही ना? नेता मनाने किती गोड आहे, हा प्रश्न या कसोटीत कुठेच नाही. हिशेब मागितला आहे तो परिणामांचा.

हा विचार कारभारात उतरला तर कसा दिसतो, हे पाहायला त्याच वर्षीचा एक प्रसंग चांगला सापडतो. तिथे कोणी ग्रीनलीफ यांचे नाव घेत नव्हते, आणि म्हणूनच तो मला शिबिरातल्या उदाहरणांपेक्षा भरवशाचा वाटतो.

स्थळ कनेक्टिकट राज्यातले न्यू हेवन, येल विद्यापीठ. आदल्या वर्षी, मे १९६९ मध्ये, ॲलेक्स रॅकली या कृष्णवर्णीयांच्या ‘ब्लॅक पँथर’ पक्षाच्या तरुण कार्यकर्त्याला खबऱ्या असल्याच्या संशयावरून त्याच्याच साथीदारांनी छळ करून मारले होते. खुनाचा आदेश दिल्याचा आरोप पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष बॉबी सील यांच्यावर ठेवण्यात आला. खटला न्यू हेवनमध्ये चालणार होता, आणि न्यायालय येलच्या आवारापासून चार पावलांवर. १९७० च्या एप्रिलमध्ये न्यायालयात गडबड केल्याबद्दल दोन पँथर नेत्यांना न्यायाधीशांनी जागच्या जागी सहा महिन्यांची शिक्षा सुनावली आणि येलचे विद्यार्थी खवळले. १ मे रोजी शहराच्या मधल्या मैदानावर देशभरातून निदर्शक येणार असे जाहीर झाले. येल जाळून टाकू, अशी भाषा काही पत्रकांत होती. दुकानदार काचांवर फळ्या ठोकू लागले. विधी शाखेच्या ग्रंथालयाच्या तळघरात आग लागली, तेव्हा विद्यार्थी आणि प्राध्यापकांनी रांग करून बादल्यांनी पाणी पोचवले. हिलरी रॉडहॅम, म्हणजे पुढच्या हिलरी क्लिंटन, तेव्हा तिथे विद्यार्थिनी होत्या.

येलचे अध्यक्ष किंगमन ब्रूस्टर जुन्या खानदानातले, मेफ्लॉवर जहाजातून आलेल्या पूर्वजांचे वंशज, राजकारणाने रिपब्लिकन. क्रांतीशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. त्यांच्यासमोर शेजारच्या विद्यापीठांचे ताजे दाखले होते. १९६८ मध्ये कोलंबियाने इमारती रिकाम्या करायला पोलिस बोलावले. ३० एप्रिलच्या पहाटे सुमारे ७०० जणांना अटक झाली आणि काही महिन्यांत अध्यक्षांना पद सोडावे लागले. १९६९ मध्ये हार्वर्डच्या नेथन प्युझी यांनीही पहाटे पोलिस आत घेतले. त्या क्षणापर्यंत जे विद्यार्थी तटस्थ होते तेही दुसऱ्या दिवशी संपावर गेले. शिवाय १५ एप्रिल १९७० ला, म्हणजे येलच्या मेळाव्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी, हार्वर्ड चौकात दंगल झाली तेव्हा विद्यापीठाने आपली फाटके लावून घेतली होती.

ब्रूस्टर आणि त्यांचे सहायक सॅम चॉन्सी यांनी हार्वर्डमध्ये आंदोलनांची बाजू सांभाळणाऱ्या आर्चिबाल्ड कॉक्स यांना गाठले. हे तेच कॉक्स, जे पुढे वॉटरगेट प्रकरणात विशेष अभियोक्ता झाले. फाटके लावणे चुकले, असे त्यांचे म्हणणे पडले. बंद फाटकापुढे जमाव अडतो, साचतो, तापतो, आणि आतला विद्यार्थीही बाहेरच्याच्या बाजूचा होतो.

येलने मग उलटे करायचे ठरवले. इथून पुढचा भाग बारकाईने पाहण्यासारखा आहे, कारण ‘उघडे ठेवू’ म्हणणे सोपे आणि ते निभावणे म्हणजे नुसते राबणे. येलमध्ये तेव्हा पदवीचे विद्यार्थी बारा निवासी महाविद्यालयांत राहत. प्रत्येकाला आपले आवार, आपली भोजनशाळा, आपले लोखंडी फाटक. पाहुण्यांना आत घ्यायचे का, किती, कोणत्या अटींवर, हे महाविद्यालयांतच चर्चेला पडले. गाद्या-पांघरुणांची सोय, प्रथमोपचाराची केंद्रे, रात्री फिरणारी विद्यार्थी-स्वयंसेवकांची पथके, अफवा आली तर ती खरी की खोटी हे कोणाला विचारायचे, या सगळ्याची वाटणी झाली. हजारो परक्या तोंडांना जेवण घालायचे, तेही स्वस्तात: भात, सॅलड, सकाळी ग्रॅनोला. ज्या लोकांविरुद्ध शहर फळ्या ठोकत होते त्यांना विद्यापीठाने पंगतीला बसवले. घर पेटवायला निघालेला माणूसही ज्या घरात जेवला तिथे काडी टाकताना थबकतो, असा हिशेब यात असणारच, आणि त्यात काही गैर नाही.

पोलिसांशीही बोलणे चालू होते, हे सांगितले नाही तर चित्र खोटे ठरेल. न्यू हेवनचे पोलिसप्रमुख जेम्स अहर्न आणि विद्यापीठ यांनी मिळून आखणी केली. राज्याचे नॅशनल गार्ड शहरात उतरले होते आणि शेजारच्या राज्यांत केंद्राची फौज तयार ठेवलेली होती. आवाराच्या आत शक्य तोवर गणवेश दिसू नये, पण गरज पडली तर कोण कोणाला फोन करणार हे आधी ठरलेले असावे, अशी ही विभागणी होती. लग्नघरात खरा कारभारी जसा मांडवात मिरवत नाही, कोठीच्या दाराशी किल्ल्या घेऊन उभा असतो, तसे चॉन्सी यांचे त्या दिवसांतले काम.

विद्यार्थी आणि प्राध्यापक यांच्यातली दरी हा वेगळाच पेच होता. २३ एप्रिलच्या प्राध्यापकांच्या बैठकीत कर्ट श्मोक या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला बोलू देण्यात आले. बाहेर शेकडो विद्यार्थी उभे होते. श्मोक मागण्यांची लांब यादी वाचणार, असाच सगळ्यांचा कयास होता. तो अगदी थोडक्यात बोलला: आमच्यातले पुष्कळ जण गोंधळलेले आहेत, घाबरलेले आहेत, काय करावे ते कळत नाही, तुम्ही आमचे शिक्षक आहात, आम्हाला वाट दाखवा. आभार मानून तो निघून गेला आणि प्राध्यापकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. हाच श्मोक पुढे बाल्टिमोरचा महापौर झाला. बैठकीत ठरले की नेहमीच्या अध्यापनाचा आग्रह काही काळ सैल करायचा. ज्याला वर्ग घ्यायचा आहे त्याने घ्यावा, ज्याला त्या वेळात खटल्यावर आणि वंशभेदावर चर्चा घडवायची आहे त्याने ती घडवावी. विद्यापीठ बंद झाले नाही आणि विद्यार्थ्यांचा संपही मोडावा लागला नाही.

त्याच बैठकीत ब्रूस्टर यांनी ते गाजलेले विधान केले. अमेरिकेत कुठेही कृष्णवर्णीय क्रांतिकारकांना न्याय्य खटला मिळेल का, याबद्दल आपल्याला शंका वाटते, असा त्याचा आशय. मात्र पँथरांच्या बचावासाठी विद्यापीठाच्या तिजोरीतून पैसे द्यावेत, ही मागणी त्यांनी मान्य केली नाही. मत व्यक्ती म्हणून मांडता येते, संस्थेचा पैसा संस्थेच्या कामाखेरीज खर्च करता येत नाही, ही त्यांची रेघ होती.

विधान वर्तमानपत्रांत पोचले आणि धुरळा उडाला. २८ एप्रिलला देशाचे उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू यांनी येलच्या माजी विद्यार्थ्यांना जाहीर आवाहन केले की हा अध्यक्ष बदलून टाका. त्याचा परिणाम उफराटा झाला. ज्या विद्यार्थ्यांना कालपर्यंत ब्रूस्टर म्हणजे व्यवस्थेचा माणूस वाटत होते, ते त्यांच्या पाठिंब्यासाठी सह्या गोळा करू लागले. माजी विद्यार्थ्यांतली नाराजी मात्र लवकर निवळली नाही.

या विधानाकडे मी थोडे वेगळ्या नजरेने पाहतो. सेवक-नेतृत्वावर लिहिणारे बहुतेक जण अशा वेळी ‘धैर्य’ हा शब्द वापरून पुढे सरकतात. धैर्य होतेच. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा त्या आठवड्यातला विश्वास त्या एका वाक्याने मिळवला, हेही खरे. पण पुढे काय झाले? सील यांच्यावरचा खटला चालला, ज्यूरीचे एकमत होईना, आणि मे १९७१ मध्ये न्यायाधीश हॅरल्ड मल्व्ही यांनी आरोपच काढून टाकले. हे तेच न्यायाधीश, ज्यांच्या शिक्षेवरून विद्यार्थी खवळले होते. ब्रूस्टर यांची शंका त्यांच्या गावातल्या न्यायालयाने तरी खरी ठरू दिली नाही. फाटके, गाद्या आणि भात यांच्याबद्दल असा प्रश्न कधी निर्माण झाला नाही. माझ्या मते त्या आठवड्यात येलला जास्त तारले ते या न बोलणाऱ्या गोष्टींनी.

१ मे उजाडण्याच्या आदल्या रात्री राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी कंबोडियात फौजा घुसवल्याचे जाहीर केले, म्हणजे आगीत तेल. तरीही मैदानावर जमलेले हजारो लोक बहुतांशी शांत राहिले. रात्री काही टोळकी न्यायालयाकडे सरकली, दगड उडाले, अश्रुधूर सोडला गेला. लोक पळाले ते उघड्या फाटकांतून आवारात. चौकात डोळे धुवायला पाणी होते. पँथरांचेच कार्यकर्ते भोंग्यावरून जमावाला परत फिरायला सांगत होते. येलच्या आइस हॉकीच्या सभागृहात स्फोट झाले, इमारतीचे नुकसान झाले. जीव मात्र कोणाचा गेला नाही. ४ मे रोजी ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या गोळ्यांनी चार विद्यार्थी ठार आणि नऊ जखमी झाले. तीन दिवसांचे अंतर.

ग्रीनलीफ यांच्या कसोटीचा शेवटचा भाग इथे लावून पाहायला हवा. सगळ्यांत खालच्यांचे काय? त्या पंगतींसाठी भोजनशाळांतली भांडी घासणारे, भात शिजवणारे, आवार झाडणारे कामगार येलचेच होते. त्यांच्या संघटनेने पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, येलविरुद्ध संप केला, आणि त्या दशकात तो पुन्हा पुन्हा झाला. देशभरातून आलेल्या निदर्शकांची जी खातिरदारी झाली तिचा हिशेब रोजच्या पगारापर्यंत पोचला नव्हता. येलच्या गौरवगाथांत हे परिच्छेद सहसा नसतात.

सेवा म्हणजे दर वेळी फाटक उघडणे, असाही याचा अर्थ नाही. शिकागो विद्यापीठाने दुसरी वाट धरली. विद्यापीठाने राजकीय प्रश्नांवर भूमिका घ्यावी का, यावर कायद्याचे प्राध्यापक हॅरी कॅल्व्हन यांच्या समितीने १९६७ मध्ये अहवाल दिला. त्याचा गाभा असा: टीका करायची ती प्राध्यापकाने आणि विद्यार्थ्याने; विद्यापीठाने त्या टीकाकारांचे घर व्हावे, स्वतः टीकाकार होऊ नये. संस्थेने एक बाजू घेतली की आतला विरुद्ध मताचा माणूस आपल्याच घरात परका होतो. अपवाद एवढाच की विद्यापीठाच्या मूळ कामावरच घाला आला तर बोललेच पाहिजे. १९६९ मध्ये प्रशासनाची इमारत विद्यार्थ्यांनी बळकावली तेव्हा अध्यक्ष एडवर्ड लेव्ही यांनी पोलिस बोलावले नाहीत. ते थांबले. सुमारे दोन आठवड्यांत विद्यार्थी कंटाळून बाहेर आले. त्यानंतर शिस्तभंगाची सुनावणी होऊन चाळीसहून अधिक जणांना काढून टाकण्यात आले. हे कोमल नव्हते. पण नियम आधीचे होते आणि शिक्षा चौकशीनंतर झाली. ज्यांना काढले त्यांच्या दृष्टीने यातली सेवा शोधणे कठीण, हे मी नाकारत नाही.

अध्यक्ष दर प्रसंगी निवेदन काढू लागला की काय होते, हे अलीकडे दिसले. गेल्या काही वर्षांत अमेरिकी विद्यापीठांना प्रत्येक मोठ्या घटनेवर पत्रक काढण्याची सवय जडली होती. ७ ऑक्टोबर २०२३ नंतर, इस्रायल आणि गाझाच्या प्रश्नावर, ती अंगाशी आली. आधी यावर बोललात, मग यावर का नाही? त्यावर इतके बोललात, यावर इतकेच? ५ डिसेंबर २०२३ ला हार्वर्ड, पेनसिल्व्हेनिया आणि एमआयटी या तिन्ही संस्थांच्या अध्यक्षांना अमेरिकी संसदेच्या समितीपुढे बसवले गेले. त्यांनी दिलेली उत्तरे कायद्याच्या काट्यावर तोललेली होती आणि ऐकणाऱ्याला थंडगार वाटली. पेनच्या लिझ मॅगिल यांनी चार दिवसांत पद सोडले, हार्वर्डच्या क्लॉडिन गे यांनी २ जानेवारी २०२४ ला. त्याच वर्षी हार्वर्डने ठरवून टाकले की विद्यापीठाच्या मूळ कामाशी संबंध नसलेल्या प्रश्नांवर संस्था म्हणून निवेदने काढायची नाहीत. शिकागोचा जुना अहवाल असा दुसऱ्या दाराने आत आला.

आणि कोलंबिया? ३० एप्रिल २०२४ च्या रात्री तिथे पोलिस पुन्हा हॅमिल्टन हॉल या इमारतीत शिरले. १९६८ ची तीच तारीख. अध्यक्ष मिनूश शफीक यांनी ऑगस्टमध्ये राजीनामा दिला.

त्याच ३० एप्रिलला ऱ्होड आयलंड राज्यात ब्राऊन विद्यापीठात वेगळे घडले. तिथल्या अध्यक्ष क्रिस्टिना पॅक्सन काही मवाळ म्हणून ओळखल्या जात नव्हत्या. आदल्या डिसेंबरमध्ये त्यांच्याच कारकिर्दीत ठिय्या देणाऱ्या ४१ विद्यार्थ्यांना अटक झाली होती. गाझाच्या प्रश्नावर विद्यार्थ्यांनी हिरवळीवर तंबू ठोकल्यावर पॅक्सन यांच्या प्रशासनाने त्यांच्याशी बसून लेखी करार केला. विद्यार्थ्यांनी तंबू काढायचे. बदल्यात पाच विद्यार्थी मे महिन्यात विश्वस्त मंडळाच्या प्रतिनिधींना भेटून आपले म्हणणे मांडणार. इस्रायलशी जोडलेल्या काही कंपन्यांतली गुंतवणूक काढावी की नाही, यावर आधी विद्यापीठाची सल्लागार समिती मत देणार आणि मग ऑक्टोबरमध्ये मंडळ मतदान घेणार. मागणी मान्य करण्याचे वचन यात कुठेच नव्हते. वचन होते ते तारखेचे, आणि निर्णय घेणाऱ्या खोलीपर्यंत पोचण्याचे. तंबू त्याच संध्याकाळी उठले.

यातली कारागिरी मला मोलाची वाटते. ‘तुमचे म्हणणे ऐकून घेऊ’ हे वाक्य प्रत्येक साहेब म्हणतो. त्याला कोण, कुठे, केव्हा आणि त्यानंतर काय हे चार तपशील जोडले की निवेदनाचा करार होतो. आपल्याकडे अधिसभेत ठराव ‘योग्य कार्यवाहीसाठी’ पाठवला जातो तेव्हा नेमके हेच चार तपशील गळालेले असतात.

करार झाला म्हणून शांतता विकत मिळाली असे झाले नाही. हे मतदान घेणेच चुकीचे, असे म्हणत सप्टेंबरमध्ये एका विश्वस्ताने मंडळाचा राजीनामा दिला. सल्लागार समितीने गुंतवणूक काढू नये असे बहुमताने सुचवले, आणि ऑक्टोबरमध्ये मंडळाने मागणी फेटाळली. विद्यार्थी चिडले, त्यांनी निषेध केला. मागणी नाकारली गेली होती, पण शब्द पाळला गेला होता, आणि या दोन गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात हे वीस वर्षांच्या मुलाला पटवणे फार अवघड जाते.

वॉशिंग्टनमधले सरकार बदलल्यावर या कराराचा काही उपयोग झाला नाही. उलट ब्राऊनचे केंद्राकडून येणारे संशोधन-अनुदान अडकले. जुलै २०२५ मध्ये विद्यापीठाने सरकारशी तडजोड केली. त्याच सुमारास कोलंबियाने केंद्र सरकारला २० कोटी डॉलर देण्याचे कबूल केले होते. ब्राऊनच्या तडजोडीत सरकारला थेट रक्कम नव्हती: दहा वर्षांत ५ कोटी डॉलर ऱ्होड आयलंडमधल्या रोजगार-प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांना द्यायचे ठरले. ही शरणागती होती की शहाणपण, यावर मतभेद आहेत. प्रशिक्षण घेणाऱ्या कामगारांना तो वाद ठाऊक असण्याचे कारण नाही. पैसा मात्र त्यांच्याकडे जाणार आहे.